दुसऱ्या मॉनिटरसाठी नवा लॅपटॉप?

लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडले, पण चित्र एकावरच येतंय. मग लॅपटॉपच बदलायचा का? थांबा, आधी कंपनीच्या माहितीपत्रकात तुमचं मॉडेल किती बाहेरचे मॉनिटर चालवतं ते पाहा. ही मर्यादा बहुधा चिपमध्येच असते. साधा हब लावून ती वाढत नाही. उदाहरणार्थ, २०२० चा एम१ चिपचा आणि २०२२ चा एम२ चिपचा मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. २०२४ च्या एम३ एअरवर दोन चालतात, पण झाकण मिटून. २०२५ च्या एम४ वर झाकण उघडं ठेवूनही.

विंडोजच्या लॅपटॉपवर पोर्ट तपासा. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जातंच असं नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात.

एक मधला मार्ग आहे: डिस्प्लेलिंक तंत्रज्ञानाचा डॉक, म्हणजे लॅपटॉपला यूएसबीने जोडायचं उपकरण. त्याचं सॉफ्टवेअर टाकलं की यूएसबीमधूनच जादा मॉनिटर चालतो. लिखाण, हिशेब, ईमेल यांना तो पुरतो. गेम किंवा व्हिडिओ संपादनात मात्र चित्र अडखळू शकतं.

म्हणून लिखाण-हिशेबाचं काम असेल तर डॉक घ्या. काम व्हिडिओचं असेल आणि लॅपटॉपही मंदावला असेल, तरच नव्यावर खर्च करा.