आपली भिंत आपल्या हातची



मातीच्या भिंतीची आम्हांस लाज वाटली. कर्ज काढून आम्हीं तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला. दोन पावसाळ्यांत तो फुगून पडला. दोष गवंड्याचा नव्हता. माती ओल शोषते नि सोडते. सिमेंट ती आंत कोंडतें, माती ढिली होते आणि गिलावा सुटतो. कर्ज मात्र सुटलें नाहीं!

मग आम्हीं मातींत गव्हाचें भुसकट घालून ती आठ दिवस कुजविली, पायांनीं तुडविली आणि घरच्या सर्वांनीं मिळून भिंत लिंपली. तडे बुजले. खर्च झाला तो घामाचा. ही विद्या आजीच्या हातांत होती. आम्हीं तिला अडाणीपणा म्हटलें! बांधवहो, कर्जाच्या कागदावर आंगठा उठविण्यापेक्षां तोच हात पावसाळ्यापूर्वीं चिखलांत घाला.