जपानमधलं ‘एका मुलीचं स्टेशन’



जपानमधल्या एका शाळकरी मुलीची गोष्ट तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. आडबाजूचं रेल्वे स्टेशन, प्रवासी नाहीत, कंपनी ते बंद करणार होती. पण एक मुलगी तिथून रोज शाळेला जाते म्हणून तिचं शिक्षण संपेपर्यंत फक्त तिच्यासाठी गाडी थांबवली. वाचताना डोळे भरून येतात. आमच्या गटात ती आली, तेव्हा मी जरा खोलात जाऊन वाचलं. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे.

जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचं मोठं बेट आहे. हिवाळ्यात तिथे माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो. तिथल्या एन्गारू गावाच्या हद्दीत एकाच रेल्वेमार्गावर कामी-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी अशी स्टेशनं होती. कामी म्हणजे वरचं, क्यू म्हणजे जुनं, शिमो म्हणजे खालचं. आपल्याकडे वरची वाडी, खालची वाडी म्हणतात ना, अगदी तसंच.

मोबाइलवरच्या गोष्टीत नाव होतं कामी-शिराताकीचं. तिथे दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक अशा दोनच गाड्या थांबत. सकाळी ७:०४ आणि संध्याकाळी ५:०८. लोकांना वाटलं, हे वेळापत्रक त्या मुलीसाठीच बसवलंय. पण तिथे दोनच गाड्या थांबायच्या त्या कितीतरी आधीपासून. आणि ती मुलगी चढायची क्यू-शिराताकीला. तिथे एक लहानशी लाकडी खोली, एवढंच स्टेशन. सकाळी शाळेकडे जाणारी गाडी एकच. ती चुकली की शाळा बुडाली. बरं, त्या गाडीत ती एकटी नसायची. पुढच्या-मागच्या स्टेशनांवरची मुलंही असायची. एकटी होती ती फक्त फलाटावर.

वरचं, जुनं आणि खालचं, तिन्ही स्टेशनं २६ मार्च २०१६ ला एकदमच बंद झाली. जपानमध्ये रेल्वेचं वेळापत्रक मार्चमध्ये बदलतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. त्याच महिन्यात तिचंही शिक्षण पूर्ण झालं. दोन्हींची सांगड लोकांनी घातली.

मला त्या गोड गोष्टीतली एकच बाब खटकते. शाळेला जायला गाडी मिळणं म्हणजे त्या मुलीवर कुणी केलेले उपकार, असं ती गोष्ट सांगते. शिवाय तिच्या मागून येणाऱ्या मुलीचं काय, हे त्या गोष्टीत कुणी विचारतच नाही. क्यू-शिराताकीत मागून येणारं कुणी उरलंच नव्हतं. तरुण माणसं शहराकडे गेली, राहिलेल्यांकडे मोटारी आल्या, गाडीतली डोकी कमी झाली. डोकी कमी म्हणून गाड्या कमी, आणि गाड्या कमी म्हणून मुलंबाळं असलेली कुटुंबं तिथे राहायला तयार नाहीत. यात आधी काय झालं आणि नंतर काय, ते सांगणं अवघड.

१९८७ साली जपानच्या सरकारी रेल्वेचे तुकडे करून कंपन्या केल्या. होक्काइदोच्या कंपनीच्या वाट्याला विरळ वस्तीचे, बर्फाचे मार्ग आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिनं जाहीर केलं, की आपल्या जवळपास निम्म्या मार्गांचा भार ती एकटी पेलू शकत नाही. हा शिराताकीचा मार्गही त्यात होता.

शिराताकी स्टेशन मात्र राहिलं. तिथून डोंगरापलीकडच्या कामीकावापर्यंत ३७.३ किलोमीटर अंतर आहे. वरचं शिराताकी गेल्यापासून त्या वाटेत गाडीत चढायला एकही स्टेशन नाही.