ट्रेनिंगच्या बाई

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी, गावच्या वाचनालयात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, दोन-चार वाक्यं तेवढी सरळ केलीत.)

समोर बसलेली वडीलधारी मंडळी, माय-भगिनी, आणि आत जागा असूनसुद्धा दारातच उभी राहिलेली माझी दोस्तमंडळी, सगळ्यांना नमस्कार.

आजच्या दिवशी सावित्रीबाईंवर बोलायचं असतं. १८४८ साल, भिडे वाडा, अंगावर पडलेलं शेण, हे आपण पहिलीपासून ऐकत आलोय. मी आज त्यातली एकच गोष्ट धरणार आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्यासाठी रीतसर ट्रेनिंग घेतलं होतं, नगरला आणि पुण्याला. आणि शाळा सुटली म्हणून त्यांचं काम सुटलं नाही. शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. शेवटी १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करतानाच त्या गेल्या.

मला बोलायचंय ते अशाच एका ट्रेनिंगच्या बाईंबद्दल. त्यांचं नाव मी घेणार नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

मी नववीत होतो. आमचं हायस्कूल मराठी माध्यमाचं, खानापूर तालुक्यातलं. तिकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलैत बी.एड. कॉलेजातून छात्राध्यापक आले, त्यात या बाई. बी.एड. आता दोन वर्षांचं असतं आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात. पाठटाचण लिहायचं, पाठ घ्यायचा, मागच्या बाकावर बसून कोणीतरी निरीक्षण करतं, मार्क देतं. आम्हाला हे सगळं माहीत होतं. त्यामुळे आम्ही त्यांना जरा हलक्यातच घेत होतो. दसऱ्याच्या सुट्टीला जाणार, मग कशाला घाबरायचं?

पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना त्या एका नावावर थांबल्या. "ही चार दिवस का येत नाही?" कुणाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर कुणी विचारलंच नव्हतं. रोपलागणीचे दिवस, पोरी घरी राहतातच, असं आम्ही धरून चाललेलो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, "घर कोण दाखवतंय?" मी आणि अजून दोघं गेलो. बस गेलेली. छत्र्या घेऊन पाऊण तास चाललो. मुलीचे वडील शेतातून आले, चिखलाचे पाय बाहेरच धुतले आणि म्हणाले, "शिष्यवृत्तीचे पैसे आले की पास काढतो म्हणालो होतो बाई. पैसेच आले नाहीत की."

त्या वेळी बायका-मुलींना मोफत बस नव्हती, ती ११ जून २०२३ पासून. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळायचा, पण पैसे एकदम भरावे लागायचे.

बाईंनी विचारलं, "कुठला कागद आलाय का घरी?" देवाच्या फोटोमागून एक घडी केलेला कागद निघाला. कन्नडमध्ये. वडिलांना वाटलेलं, जमिनीचं काहीतरी असेल, सवडीनं कुणाकडून तरी वाचून घेऊ. बाईंनी वाचला. बँक खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून शिष्यवृत्ती अडकली आहे, एवढंच त्यात होतं. दोन ओळी. त्या दोन ओळींपायी पोरगी घरी बसलेली.

बाई तिथं एक गोष्ट बोलल्या, ती माझ्या डोक्यात राहिली. "काका, मी दसऱ्यापर्यंतच आहे. तोवर बँकेत येते तुमच्याबरोबर. पुढचं तुम्हाला जमलं पाहिजे." मोठा शब्द दिला नाही. जेवढं होण्यासारखं होतं तेवढंच बोलल्या आणि तेवढं केलं. पासाचे पैसे वडिलांनी सोसायटीतल्या ओळखीच्याकडून उसने घेतले. पुढच्या आठवड्यात मुलगी वर्गात होती.

त्यानंतर बाईंनी मुख्याध्यापकांना विचारून शाळा सुटल्यावर अर्धा तास सुरू केला. त्याला आम्ही "कागदाचा तास" म्हणायचो. प्रत्येकानं घरातला एक कागद आणायचा. रेशनचा, विजेच्या बिलाचा, उताऱ्याचा, नाडकचेरीतल्या दाखल्याचा. कन्नड आणि मराठी शब्द शेजारी शेजारी लिहायचे. बाईंचं आजोळ कन्नड, त्यामुळे त्यांना दोन्ही भाषा सारख्याच यायच्या.

यावर एका पालकांनी हरकत घेतली. "आम्ही पोरांना मुद्दाम मराठी शाळेत घातलंय, आणि तुम्ही इथं कन्नड शिकवताय?" बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मराठी सोडा म्हणून मी सांगत नाही. पण तुमचा कागद दुसऱ्यानं वाचला तर तुमचा हक्क पण त्याच्याच हातात जातोय की." ते काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं उतारा आणला.

इथं आपल्यातल्या काहींना खटकेल, म्हणून स्पष्ट बोलतो. मी राज्यशास्त्र शिकतोय. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्यावर अन्याय झाला, हे मी मानतो. २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे. पण त्याच १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०-अ आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्यानं करावा, असं ते सांगतं. जिथं अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही काढाव्यात, हेही ठरलेलं आहे. म्हणजे तो कागद मराठीत यावा ही आपली मागणी भीक नाही. ती लावून धरलीच पाहिजे. पण तो मराठीत येईपर्यंत पोरगी घरी बसवायची का? बाईंचा प्रश्न एवढाच होता. दोन्ही कामं एकदम करता येतात. कन्नड वाचता येणारा माणूस मराठी कागदासाठी जास्त नीट भांडू शकतो.

आता मला न आवडणारा भाग सांगतो.

दसऱ्याला बाई गेल्या. त्यांच्या कॉलेजच्या वहीत पाठाला मार्क होते, फळालेखनाला होते, शैक्षणिक साधनांना होते. कागदाच्या तासाला रकाना नव्हता. सुट्टीनंतर आम्ही तो तास पंधरा दिवस चालवला. मग बंद पडला. डिसेंबरात माझ्याच बाकावरचा मित्र यायचा थांबला. गोव्याला हॉटेलात कामाला गेला असं नंतर कळलं. त्याच्या घरी कुणी गेलं नाही. बाई नव्हत्या ना. पण मी होतो. रस्ता मला माहीत होता, पंधरा मिनिटांचा. मी पण गेलो नाही.

ती मुलगी दहावी पास झाली, पुढे पी.यू.सी. केली, आता बेळगावात नोकरी करते. मित्र अजून गोव्यातच आहे. गणपतीला आला की भेटतो. तो मला कधी काही म्हणत नाही. त्याचंच मला जास्त लागतं.

म्हणून बाईंचं कौतुक करून मला खाली बसायचं नाही. एका ट्रेनिंगच्या मुलीनं चार महिने जीव लावला म्हणून गावानं निवांत राहायचं, हे बरोबर नाही. कोण गैरहजर आहे हे विचारायला बी.एड. लागत नाही. शाळा सुधारणा समिती आहे, युवक मंडळ आहे, महिला मंडळ आहे. मराठी शाळेचा पट कमी झाला म्हणून आपण मोर्चा काढतो, काढायलाच पाहिजे. पण पट एकेका पोरानं कमी होतो, आणि ते एकेक पोर कुठल्या तरी शनिवारी कुणीतरी जाऊन परत आणता येतं.

आम्ही चौघांनी ठरवलंय. येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा याच वाचनालयात बसणार. घरात फोटोमागं, डब्यात, गादीखाली जो न वाचलेला कागद असेल तो घेऊन या. वाचून देऊ, अर्ज भरायला मदत करू आणि तुमच्या पोरांना वाचायला शिकवू. कुठल्या घरचं पोर आठवडाभर शाळेत गेलं नाही हे कळलं तर आम्हाला सांगा. आम्ही जाऊ. आणि आमच्यातला कोण नोकरीला गेला तर त्याच्या जागी कोण बसणार, हे आजच ठरवू. दारात उभे आहात ना, तुम्हालाच विचारतोय.

जय महाराष्ट्र.