सिनेमा घरी येतो तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी सेलू येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'घरी भाड्याने आणलेला सिनेमा' असे सांगितले. त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. वर्धापनदिनाला कोणी आरोग्यावर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या संगोपनावर. या बाईला सिनेमा कुठला सुचला, असे त्यांच्या मनात आले असावे. पण भगिनींनो, हा विषयही घरातलाच आहे. सिनेमा घरी आला म्हणजे त्याच्या समोर कोण बसते आणि मधून कोण उठते, हे पाहिले की त्या घराची पुष्कळशी माहिती कळते. त्याविषयीच मी चार शब्द बोलणार आहे.

आरंभ सासूबाईंपासून करते. त्या तरुण होत्या तेव्हा आमच्याकडच्या बायकांना सिनेमा भेटायचा तो जत्रेत. परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस दर वर्षी फेब्रुवारीत भरतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या काळी अशा उरुसांतून आणि जत्रांतून तंबूतले सिनेमे येत. मधे दोरी किंवा कनात बांधून बायकांची बाजू वेगळी केलेली असे. सासूबाईंनी तंबूत दोन सिनेमे पाहिले. 'पाहिले' असे त्या म्हणतात, पण दोन्ही वेळा कडेवरचे लेकरू रडू लागले म्हणून त्यांना मधूनच बाहेर यावे लागले. दोन्ही सिनेमांचा शेवट त्यांना आजवर माहीत नाही.

1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्याच वर्षी आपल्या देशात रंगीत दूरदर्शन सुरू झाले, आणि पाठोपाठ गावोगाव 'व्हिडिओ' येऊन पोहोचला. माझे लग्न होऊन मी या घरी आले ती याच सुमारास. व्हीसीआर विकत घेण्याची ऐपत आमच्या गल्लीत कोणाची नव्हती. पण तो एका रात्रीपुरता भाड्याने मिळे. रंगीत टी.व्ही., व्हीसीआर आणि तीन कॅसेट, असा तो संच असे. घरटी दहा रुपये वर्गणी निघे. संध्याकाळी हातगाडीवरून सामान येई, आणि त्याबरोबर दुकानाचा एक पोऱ्याही येई. यंत्राला हात लावायचा तो त्यानेच. चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या की तो यंत्राचे झाकण काढून हेड पुसत बसे, आणि सारी गल्ली श्वास रोखून त्याच्याकडे पाही.

त्यातही कोजागिरीची रात्र म्हणजे व्हिडिओचा सण. आमच्या अंगणात चाळीस-पन्नास माणसे बसत. पहिली कॅसेट देवाची. 'जय संतोषी माँ' हा 1975 सालचा सिनेमा होता, पण वडीलधाऱ्यांची परवानगी मिळावी म्हणून दहा वर्षांनंतरही त्याच्यापासून सुरुवात व्हायची. दुसरी कॅसेट मारामारीची, आणि तिसरी पोरांच्या आवडीची. 1985 साली महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' आला, तेव्हापासून ती हक्काने त्याची. नव्या सिनेमाची प्रिंट मुंबई-पुण्याहून आपल्याकडच्या टॉकीजला येईपर्यंत कित्येकदा महिने लोटत. मग कॅसेट आधी आली की 'आपण पहिल्यांदा पाहिला' याचेच केवढे अप्रूप!

आता या कॅसेट निवडायचे कोण? वर्गणी गोळा करणारे पुरुष. आणि दूध आटवायचे कोणी, ते मी सांगायला नको. कोजागिरीचे दूध पन्नास माणसांचे. शिवाय कोणाला चहा, कोणाच्या लेकराला भाकर, मध्यरात्रीनंतर पुन्हा चहा. मी नवी सून, माझी जागा चुलीपाशी. सासूबाई पळी हातात घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. मान वाकवली की पडद्याचा अर्धा भाग दिसे. तेवढ्यात आतून दूध उतू जायचे आणि त्या वळायच्या.

दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडताना त्या मला विचारायच्या, "मंग काय झालं गं त्या बाईचं? घर मिळालं का तिला तिचं?" मी शेवट सांगायची, आणि त्या समाधानाने मान हलवायच्या. भगिनींनो, आज कबूल करते, त्यांतले दोन-तीन शेवट मी मनानेच रचून सांगितले. कारण मीही आतच होते!

याचा अर्थ तो व्हिडिओ वाईट होता असे मी मुळीच म्हणणार नाही. टॉकीजला जायचे म्हटले की घरात दहा प्रश्न उठत. कोणाबरोबर जाणार, परत कधी येणार, स्वयंपाकाचे काय. ज्या बायकांना टॉकीजची पायरी ठाऊक नव्हती, त्यांच्या अंगणात सिनेमा चालत आला, हे उपकार थोडे नाहीत. पण त्यात एक लबाडी होती, तीही सांगितली पाहिजे. पुष्कळशा कॅसेट चोरून उतरवलेल्या असत. 1957 सालच्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली, आणि कॅसेटवर हक्कदाराचे नाव-पत्ता व सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत असलीच पाहिजे असा नियम झाला. आमच्या अंगणात आलेल्या कॅसेटवर मात्र बहुधा निळ्या शाईने लिहिलेले सिनेमाचे नाव तेवढे असे. त्याचा विचार आम्ही कोणीच केला नाही. पडद्यावर गाणाऱ्या, नाचणाऱ्या, दिवे धरणाऱ्या माणसांच्या पदरात आपल्या दहा रुपयांतला एक पैसाही पडत नाही, हे ध्यानात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

पुढे कॅसेट गेल्या आणि तबकड्या आल्या, त्यांना आपण सीडी म्हणू लागलो. त्याही भाड्याने मिळत. संध्याकाळी आणायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. ओरखडा पडला तर भांडण ठरलेले. भारनियमनाचे ते दिवस आठवा. ऐन रंगात वीज जायची, आणि वीज येईपर्यंत सीडी परत करायची वेळ व्हायची. मग केबल आले, मोबाइल आले, आणि भाड्याची दुकाने एकेक करून बंद पडली. तिथे आता रिचार्जची आणि चपलांची दुकाने आहेत. मला वाटले, भाड्याच्या सिनेमाची गोष्ट इथे संपली.

पण ती पुन्हा सुरू झाली. 2025 सालच्या 20 जूनला आमिर खान यांचा 'सितारे जमीन पर' थिएटरांत लागला. बौद्धिक अडचणी असलेल्या दहा खेळाडूंना बास्केटबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची ही गोष्ट. थिएटरांतून उतरल्यावर तो वर्गणीच्या एखाद्या वाहिनीवर जाईल असे वाटत होते. पण 1 ऑगस्टला तो यूट्यूबवर भाड्याने आला, भाडे शंभर रुपये. ज्यांच्या गावात थिएटर नाही, त्यांनीही शंभर रुपयांत सगळे घर मिळून पाहावा, हा त्यामागचा विचार.

आमच्या मुलाने श्रावणातल्या एका रविवारी तो घेतला. आम्ही घरात सात माणसे. म्हणजे माणशी चौदा-पंधरा रुपये पडले. त्याने मोबाइलवरून पैसे भरले आणि चित्र टी.व्ही.वर लावले. हातगाडी नाही, पोऱ्या नाही, कॅसेट परत करण्याची धावपळ नाही. बाहेर पाऊस पडत होता. सासूबाई आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. त्यांना गादी टाकून, पाठीशी उशी देऊन पुढेच बसवले. मधे त्यांना उठावे लागले तेव्हा मुलाने सिनेमा थांबवला. त्या परत आल्या तर पडद्यावरची माणसे होती तशीच उभी. त्यांनी विचारले, "माझ्यासाठी थांबला का हा?" आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

पुढे शेवटचा सामना सुरू झाला. आम्ही सगळे सरसावून बसलो होतो. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबवा ते."

मुलाला वाटले, त्यांना पुन्हा उठायचे आहे. त्याने सिनेमा थांबवला. त्या म्हणाल्या, "नातसून कुठंय?"

नातसून, म्हणजे माझी सून, स्वयंपाकघरात भजी तळत होती. आमच्यासाठीच. अर्धा तास झाला होता तिला आत जाऊन. मुलगा म्हणाला, "आजी, येईलच ती. चालू राहू दे की, तिला मी नंतर सांगतो."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या वेळी थांबत नव्हता, बाबा. आता थांबतो म्हणता ना? मंग थांबवा. पोरीला येऊ द्या आधी."

भगिनींनो, मला त्या वेळी कमालीची लाज वाटली. उंबऱ्याशी पळी घेऊन उभी राहणारी सासू मी पाहिली होती. आतून कान देऊन सिनेमा ऐकणारी सून मी स्वतः होते. आणि तरी माझी सून अर्धा तास आत आहे, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. यंत्राला थांबण्याची सोय झाली, म्हणून माणसे आपोआप थांबत नाहीत. कोणीतरी 'थांबवा' म्हणावे लागते. मी उठून गॅस बंद केला आणि तिला हाताला धरून बाहेर आणले. भजी गार झाली, पण सिनेमाचा शेवट मात्र आम्ही सातही जणांनी एकत्र पाहिला.

आता थोडे व्यवहाराचे सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणी हे विचारतात. असा सिनेमा घेताना 'भाड्याने' आणि 'विकत' असे दोन पर्याय दिसतात; किमती पाहूनच बोट लावावे. भाड्याचा सिनेमा साधारणपणे 30 दिवसांच्या आत सुरू करायचा असतो, आणि एकदा सुरू केला की 48 तासांत संपवायचा असतो. म्हणून सगळे घरात असतील अशीच वेळ धरावी. सोबत मुले असतील तर दाखला बघावा. 2023 सालच्या कायदा-दुरुस्तीनंतर 'यूए' दाखल्यात 7, 13 आणि 16 वर्षे अशा तीन पायऱ्या झाल्या आहेत.

मोबाइलवर फुकट सिनेमाच्या ज्या लिंक फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. एक तर ती चोरी आहे. थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला आणि तशी प्रत लोकांना दाखवणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान तीन लाख रुपये दंड, अशी तरतूद त्याच दुरुस्तीने केली आहे. शिवाय अशा लिंकमधून आपल्या बँकेच्या खात्यापर्यंत कोण पोहोचेल, याचा नेम नाही.

आणखी एक गोष्ट. असा एक सिनेमा आणून मंडळाच्या सभागृहात सर्वांना दाखवावा, अशी सूचना मागच्या बैठकीत आली होती. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. पण हे भाडे घरी पाहण्यापुरते असते. सभागृहात दाखवायचा तर सिनेमाच्या हक्कदाराची परवानगी वेगळी घ्यावी लागेल, आणि ती मंडळाने रीतसर मागावी असे मला वाटते. तोवर शेजारच्या चार-पाच मैत्रिणींना आपापल्या घरी बोलवावे. त्या दिवशी चहा-फराळ आधी करून झाकून ठेवावा, नाहीतर सिनेमा थांबवून सगळ्यांनी मिळून करावा. आणि सिनेमा कोणता, ते या वेळी बायकांनी ठरवावे. वर्गणी आपली, तर निवडही आपली.

सासूबाईंना मी परवा सांगितले, की जुन्या कॅसेटचे काही शेवट मी खोटेच सांगितले होते. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तू सांगायची त्यात त्या बाईला घर नेहमी मिळायचं."

माझे बोलणे आता संपत आले आहे. मागे चहाच्या कपांचा आवाज येतो आहे, म्हणजे आपल्या चार-पाच भगिनी आतच आहेत. यापुढे अध्यक्षबाईंचे भाषण व्हायचे आहे. माझी विनंती एवढीच, की त्या चौघी-पाचजणी बाहेर येऊन बसेपर्यंत त्यांनी आरंभ करू नये. चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल.