मशीन वाजली, पण निघालं काय?

आजचा विषय मेटल डिटेक्टर. मॉलच्या दारात असतो तो नाही, दांडा हातात धरून जमिनीवरून फिरवायचा तो. इंग्लंडमधले काका लोक शेतात फिरतात, मशीन वाजते आणि सोन्याचं नाणं निघतं, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मीही पाहिले आणि नवशिक्यांसाठीची एक साधी मशीन मागवली. पहिला प्रयोग मामाच्या शेतात, नागऱ्याला. गोंदिया शहराजवळचंच गाव, जुन्या शिवमंदिरासाठी ओळखलं जाणारं.

धान कापून झालं होतं, बांधी मोकळी होती. आधी मशीन कशी चालते ते सांगतो. खालच्या गोल चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला की त्यात छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचंही चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि चकतीतलं दुसरं वेटोळं ते पकडतं. बस, एवढंच. नाण्याएवढी वस्तू फार तर वीतभर खोलीपर्यंत कळते. सोन्याचे हंडे वगैरे विसरा.

पहिल्या दोन तासांत काय निघालं? बाटल्यांची झाकणं, खिळे, बैलाच्या नालीचा तुकडा आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. गंमत म्हणजे पातळ सोनं आणि ॲल्युमिनियमचा चंदेरी कागद मशीनला जवळपास सारखाच वाटतो. त्यामुळे प्रत्येक आवाजाला खुरपं घ्यायचं आणि बसायचं. गुडघ्यांची पार वाट लागते!

मग धुऱ्याजवळ एक भोकाचा पैसा निघाला. 1943 ते 1947 या काळातला, युद्धात धातू वाचावा म्हणून मधोमध भोक पाडलेला. मामा म्हणाला, "अरे, असाच पैसा आमच्या करदोड्यात ओवलेला राहे लहानपणी."

दुपारपर्यंत धुऱ्यावर सहा-सात जण जमले होते. एकानं विचारलंच, "काय भाऊ, गुप्तधन पाहून राहिला का?" तो हसत होता, पण बाकीचे हसत नव्हते. आपल्याकडे हा शब्द हलका नाही. गुप्तधनाच्या नादात अघोरी पूजा झाल्यात, माणसं मारली गेलीत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. मामानं सगळ्यांना मशीन हातात दिली, ज्याला पाहिजे त्यानं चालवून पाहिली. वातावरण निवळलं. मला वाटतं, आपल्या गावात हा छंद करायचा तर तो असाच, भर दुपारी आणि सगळ्यांसमोर.

तेवढ्यात मामेभावाचं डोकं चाललं. "संध्याकाळी देवळामागं जाऊ, तिथं जुनं सामान असंल." मामा म्हणाला, "अजिबात नाही." मलाही जायचं नव्हतं. पकडले जाऊ ही भीती होतीच, पण खरं कारण दुसरं.

दायमाबाद ऐकलंय? अहमदनगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर, 1974 साली एका माणसाला झाडाचं खोड खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. रथ, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून 60 किलोंच्या वर! पण त्या शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नाहीत, मातीच्या कुठल्या थरातल्या ते नोंदलं गेलं नाही. म्हणून त्या नेमक्या किती जुन्या यावर अभ्यासकांचा वाद झाला. याउलट विदर्भातलंच तऱ्हाळा घ्या. तिथे 1939 मध्ये सुमारे दीड हजार सातवाहन नाणी एकत्र मिळाली आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं कळली. तीच नाणी एकेक करून सोनाराकडे गेली असती तर? देवळामागे मी खुरप्यानं उकरलेलं नाणं म्हणजे नुसता धातूचा तुकडा.

आणि कायदाही आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. हो, दहाच रुपये! लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संरक्षित स्मारकाजवळ विनापरवाना खणणं हा तर वेगळाच गुन्हा. इंग्लंडमध्ये 2009 साली स्टॅफर्डशरच्या शेतात एका छंदिष्टाला सोन्याचा मोठा साठा मिळाला, त्याला आणि शेतमालकाला मिळून सुमारे 33 लाख पौंड मिळाले. पण तिथेही त्यानं आधी मालकाची परवानगी घेतली होती, नंतर साठा कळवला आणि पुढचं खोदकाम पुरातत्त्वज्ञांनी केलं. व्हिडिओत हा भाग कापलेला असतो.

सध्या माझ्या मशीनला घरचंच काम आहे. रोवणीच्या वेळी मामीचं एक चांदीचं जोडवं चिखलात गेलं होतं. खालच्या दोन बांध्या बघून झाल्या, अजून मिळालं नाही. रविवारी वरची बांधी बघणार आहे.