निवृत्त सेविकेचे परतणे : एका जुन्या ठेवीचा हिशेब

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२८ मार्च २०२० रोजी बुलढाणा शहरात एका करोनाबाधिताचा मृत्यू झाला. त्याच्या तपासणीचा अहवाल हाती आला तो दुसऱ्या दिवशी. विदर्भातील करोनाचा हा पहिला नोंदलेला बळी. त्या वेळी या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. पुढे ८ एप्रिल २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले जवान आणि प्रशिक्षण घेऊनही काम न मिळालेले तरुण यांना कोविड योद्धे म्हणून पुढे येण्याचे आवाहन केले. राज्यभरातून हजारोंनी नावे नोंदविली. पुढच्याच महिन्यात ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घराबाहेर पडू नये, अशी सूचना केंद्राने दिली. म्हणजे ज्या वयाच्या उंबरठ्यावर साथ सर्वांत घातक होती, त्याच उंबरठ्यावरच्या माणसांना मदतीस बोलाविण्याची पाळी शासनावर आली होती.

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या या परतण्याची स्तुती पुष्कळ झाली, आणि ती योग्यच होती. परंतु त्या स्तुतीखाली दोन प्रश्न झाकले गेले. निवृत्तांना परत बोलवावे का लागले? आणि बोलाविल्यावर त्या परत येऊ शकल्या त्या कशाच्या बळावर? पहिल्या प्रश्नाची चर्चा थोडीफार झाली. दुसऱ्याची जवळजवळ झालीच नाही. आणि भविष्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

समजा, एक तरुणी १९८५ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी आरोग्यसेविका म्हणून एखाद्या उपकेंद्रावर रुजू झाली. त्याच वर्षी देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. १९९५ पासून ती पल्स पोलिओचे डोस पाजीत वाड्यावस्त्या हिंडली. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले, त्यात तिच्या पायपिटीचाही वाटा होता. २०२० साली ती ५८ वर्षांची झाली आणि नियमाप्रमाणे सेवानिवृत्त झाली. त्याच वर्षी साथ आली.

अशी स्त्री परत आली तेव्हा केवळ दोन हात परत आले नाहीत. कोणत्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, खारपाणपट्ट्यातील कोणत्या कुटुंबात मूत्रपिंडाचा आजार आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर–जळगाव जामोदकडच्या वस्तीवर पावसाळ्यात कोणत्या वाटेने जावे, हे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत नसते. पुण्या-मुंबईहून परतलेल्या मजुराला शाळेच्या खोलीत चौदा दिवस वेगळे ठेवायचे, तर त्याच्या आईची समजूत कोणी काढायची? २०२१ साली लस आली आणि गावे बिचकली, तेव्हा गावाने कोणाच्या शब्दावर बाही वर करायची? जिने पस्तीस वर्षे त्याच गावची बाळंतपणे केली, तिच्या. हा विश्वास म्हणजे एक प्रकारचे भांडवलच होय. मात्र ते तीन महिन्यांच्या करारावर विकत मिळत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ही स्त्री परत येऊ शकली, कारण तिच्यापाशी निवृत्तिवेतन होते. चूल पेटण्याची चिंता नसल्यामुळेच ती कर्तव्याचा विचार करू शकली. ब्रिटनमध्येही हेच दिसले. तेथे मार्च २०२० मध्ये निवृत्त डॉक्टर-परिचारिकांना बोलाविताना शासनाने कायदाच केला आणि निवृत्तिवेतनधारकाने पुन्हा काम केल्यास त्याच्या निवृत्तिवेतनावर येणारी बंधने तात्पुरती उठविली. त्यागाच्या भावनेलाही भाकरीचा आधार लागतो, हे तेथील शासनाने निदान ओळखले.

तात्पर्य, २०२० साली जी राखीव फौज महाराष्ट्राच्या मदतीस धावली, ती आकाशातून पडली नव्हती. कायम नोकरी, नियमित वेतन आणि निवृत्तिवेतन या मार्गाने पस्तीस-चाळीस वर्षे साचत गेलेली ती सार्वजनिक ठेव होती. शासनाने संकटकाळी ती मोडली. ठेव मोडण्यात गैर काही नाही. ती त्यासाठीच असते. प्रश्न असा की, नवी ठेव कोणी भरते आहे काय?

याचे उत्तर नकारार्थी आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांना महाराष्ट्र शासनाने जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. मार्च २०२३ मध्ये राज्यभर झालेला संप याच प्रश्नावर होता. आरोग्य अभियानातील असंख्य परिचारिका वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत आल्या आहेत. साथीत करोना केंद्रांसाठी घेतलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना लाट ओसरताच घरी पाठविण्यात आले. इतक्यावर न थांबता ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने खासगी कंपन्यांमार्फत शासकीय पदे भरण्याचा घाट घातला गेला. जनतेचा रोष पाहून तो पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. आणि गावागावांत घरोघरी जाऊन रुग्ण शोधणाऱ्या आशांना काय मिळाले? जून २०२१ मध्ये सुमारे सत्तर हजार आशांना संपावर जावे लागले, तेव्हा दरमहा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा करोना भत्ता त्यांच्या पदरात पडला. साथीतील मृत्यूसाठी केंद्राने जाहीर केलेला पन्नास लाखांचा विमा कायम, कंत्राटी आणि निवृत्त अशा सर्वांनाच लागू होता. मृत्यूनंतर त्यांच्यात भेद न करणारे शासन जिवंतपणी मात्र प्रत्येकीला वेगळा दर लावते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

येथे समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता राजवटीत, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली : हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना पन्नास रुपये. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती सोपविण्याची ती कल्पना थोर होती. परंतु त्या माणसाच्या कामाला वेतन नव्हते, मानधन होते. आजच्या आशांच्या ललाटी तोच शब्द आला आहे. सेवाभावाच्या नावाखाली श्रमाचे मोल टाळण्याची वाट आपल्याच माणसांच्या हातून रुंद झाली, ही कबुली दिल्याशिवाय पुढचा लढा प्रामाणिक होणार नाही. तसेच कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कंत्राटी भगिनींचा प्रश्न पुष्कळदा दाराबाहेरच ठेवला, आणि काही उपकेंद्रांना कायम कर्मचारी असूनही कुलपे राहिली, हेही नाकारता येणार नाही. कायम नोकरी पुरेशी नाही. तिच्यावर ग्रामसभेची नजर हवी. पण नजर ठेवण्यासाठी आधी माणूस जागेवर असावा लागतो.

शासनाला हा खर्च झेपणार नाही, असे सांगितले जाते. हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार. पैकी सुमारे वीस लाख ग्रामीण. सपाटीवर पाच हजारांमागे एक उपकेंद्र या निकषाने चारशे उपकेंद्रे होतात. डोंगराळ व आदिवासी भागात निकष तीन हजारांचा असल्याने थोडी अधिक. प्रत्येकी एक सेविका व एक सेवक धरले, तर अवघी आठशेच्या आसपास माणसे. अडीच हजार ग्रामस्थांमागे एक कायम कर्मचारी! एवढेही ज्या अर्थव्यवस्थेला परवडत नाही, तिच्या वाढीचे आकडे कोणासाठी असतात? सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन केंद्राच्या २०१७ च्या आरोग्य धोरणानेच दिले होते. ते पाळले गेलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या परिसरात माणसांचे केस अकस्मात गळू लागले आणि दिल्लीपर्यंतच्या तज्ज्ञांना तेथे यावे लागले. पुढचे संकट कोणत्या रूपाने येईल हे कोणीच सांगू शकत नाही. मात्र ते गावातच प्रथम दिसेल, आणि ते ओळखण्यासाठी गाव ओळखणारे माणूस लागेल, एवढे निश्चित.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या भागातील उपकेंद्रांची यादी करावी : मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती. ती यादी ग्रामसभेत वाचावी, ठराव करावा आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवावा. मागणी साधी आहे : रिक्त पदे कायम स्वरूपात भरा, कंत्राटी सेविकांना सेवेत सामावून घ्या, आशांना वेतन आणि निवृत्तिवेतन द्या.

आज कंत्राटावर असलेली सेविका वीस-पंचवीस वर्षांनी थकून घरी बसेल. तेव्हा एखादी साथ आली आणि शासनाने तिला पुन्हा हाक दिली, तर ती येऊ शकेल काय? तिच्या मनात सेवाभाव असेलच. प्रश्न तिच्या घरी त्या दिवशीचे धान्य असेल की नाही, हा आहे. त्याचे उत्तर आजच्या वेतनाच्या आणि निवृत्तिवेतनाच्या लढ्यात ठरणार आहे.