सांडलेले रसायन विहिरीत कधी पोचते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आठवते, आणि त्यापाठोपाठ महामार्गालगतची गोदामे. पण हा तालुका भाताचाही आहे. गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून खाचर आणि खाचराच्या पलीकडे विहीर, असे दृश्य तिथे जागोजागी दिसते. गोदामात कापड असते, टीव्ही असतात, तसे रसायनांचे पिंपही असतात. एखादे पिंप फुटले, किंवा आग लागून बंबाचे पाणी रसायन घेऊन खाचरात उतरले, तर ते विहिरीत कधी पोचेल? माती आणि पाणी हा माझा अभ्यासाचा विषय असल्याने गावकरी मला हेच विचारतात, फक्त सरळ शब्दांत: "सर, पाणी प्यायचं की नाही, तेवढं सांगा."

विहिरीचे पाणी तपासले की आजचे उत्तर मिळते. रसायन अजून वाटेत असेल तर प्रयोगशाळेला ते दिसणार नाही. ही वाट मोजण्यासाठी संगणकाचे मॉडेल वापरतात. मातीचा एक उभा खांब कल्पायचा, त्याचे सेंटिमीटरभर जाडीचे थर करायचे आणि वरच्या थरातून खालच्या थरात किती पाणी गेले, पाण्याबरोबर काय गेले, याचा हिशेब मांडत जायचे. हिशेबाचा नियम जुना आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर हेन्री दार्सी यांनी वाळूच्या उभ्या नळ्यांतून पाणी सोडून तो शोधला आणि 1856 मध्ये प्रसिद्ध केला. माती अर्धवट ओली असताना काय होते, याचे समीकरण लोरेन्झो रिचर्ड्स यांनी 1931 मध्ये दिले. ते हाताने सोडवणे फार अवघड, म्हणून संगणक. रिचर्ड्स पुढे कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेत होते. आज जगभर वापरली जाणारी 'हायड्रस' ही प्रणाली नंतर त्याच प्रयोगशाळेत आकाराला आली.

मातीने धरून ठेवलेल्या पाण्याचे गणित आपल्या शेतकऱ्याला ठाऊक नाही असे समजू नका. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तो वाल पेरतो. मूठभर माती दाबून पाहतो आणि वाल उगवेल की नाही ते ठरवतो. तीच मूठ शास्त्रज्ञ ओलाव्याच्या वक्ररेषेने काढतात, एवढाच फरक.

आता थोडी आकडेमोड करू. चिखलणी केलेल्या खाचरातून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी झिरपते असे धरा. मातीच्या आकारमानात निम्मे पाणी असेल, तर ते दिवसाला एक सेंटिमीटर खाली सरकेल. पावसाळ्याचे 120 दिवस धरले तर हंगामात 1.2 मीटर. मुरूम तीन मीटरवर असेल तर तिथे पोचायला तिसरा पावसाळा लागेल. मातीच्या कणांना चिकटणारे आणि त्यामुळे पाण्याच्या दहापट हळू चालणारे रसायन असेल, तर पंचवीस वर्षे. पडद्यावर रंगीत आलेख येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

हा आलेख घेऊन मे महिन्यात त्याच खाचरात जाऊन उभे राहावे. जमीन तडकलेली असते. मी एका भेगेत काठी घातली तर ती कोपरभर आत गेली. जूनचा पहिला जोरदार पाऊस मातीतून झिरपत बसत नाही, भेगेतून थेट उतरतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, चिखलणी होते आणि वाट बंद होते. म्हणजे तेच पिंप ऑगस्टमध्ये सांडले तर हिशेब वर्षांचा, आणि मे महिन्यात सांडले तर तासांचा किंवा दिवसांचा.

शिवाय मुरमाखालच्या काळ्या खडकाच्या फटी पावसात मिटत नाहीत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे याच तालुक्यातली. पावसाचे पाणी फटींतून खोल उतरते, तापते आणि वर येते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

मॉडेल हे करू शकत नाही असे नाही. माती आणि भेगा असे दोन वेगळे मार्ग धरायची सोय त्यात आहे. पण ती वापरायची तर भेगा मोजाव्या लागतात. प्रणालीबरोबर मातीच्या गुणधर्मांची तयार यादी मिळते, आणि ती मुख्यतः अमेरिकेतल्या मातींवरून केलेली आहे. यादीतली 'चिकणमाती' निवडून भिवंडीच्या खाचराचा अहवाल लिहिणे मला पटत नाही. लोखंडी कडे जमिनीत ठोकून, पाणी ओतून, घड्याळ लावून मुरण्याचा वेग मोजायला एक दिवस लागतो. निळा खाद्यरंग ओतून दुसऱ्या दिवशी खड्डा खणला की भेगांची वाट डोळ्यांना दिसते. पावसाचा आकडाही तासाचा हवा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. दिवसाची सरासरी काढली तर अशा सरीचा जोर हिशेबात येतच नाही.

रंगाचेही तसेच. विहिरीला रंग आला नाही म्हणून पाणी चांगले, असा समज आहे. सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवताना भरपूर मीठ लागते. त्या सांडपाण्यातला रंग मातीला थोडाफार चिकटून मागे राहू शकतो. मिठातला क्लोराइड सहसा कशाला चिकटत नाही, पाण्याच्या वेगाने पुढे जातो. म्हणून आधी खारटपणा मोजावा. विद्युतवाहकता मोजणारे खिशात मावणारे यंत्र ग्रामपंचायतीला परवडण्याजोगे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पण भेगेतून आलेले पाणी दोन मोजण्यांच्या मधल्या दिवसांत येऊन निघूनही जाते. तेव्हा पहिल्या पावसापासून महिनाभर रोज, पुढे आठवड्यातून एकदा आकडा वहीत लिहावा. उन्हाळ्यात आसपास काही सांडले असेल, तर पहिल्या पावसानंतर तपासणी होईपर्यंत त्या विहिरीचे पाणी पिऊ नये. उकळून क्षार जात नाहीत.

काल्हेर, कशेळीसारख्या खाडीकाठच्या गावांत मात्र एक पथ्य आहे. तिथे खारटपणा खाडीचाही असू शकतो. खाडीचा खारटपणा सहसा उन्हाळ्यात चढतो आणि पावसाने उतरतो. जमिनीवरून आलेला पावसाबरोबर चढतो. वहीत तारखा असतील तर हा फरक मॉडेलशिवायही कळेल.